खाजणातल्या रांगा

४ मार्च

सत्त्याऐंशी. अजूनही सत्त्याऐंशी!

समुद्राच्या पाण्याचा खारटपणा लिटरला पस्तीस ग्रॅम असतो. आमच्या खाजणात सत्त्याऐंशी. बारा बायका वर्षभर गुडघाभर काळ्या चिखलात चर खणतायत, रस्त्याखालच्या बुजलेल्या मोऱ्या हातांनी मोकळ्या केल्या, आणि नळीतला आकडा जागचा हलत नाही. सहाला मोजलं. नऊला पुन्हा मोजलं. फिदेलिया म्हणाली, "बाई, त्याच्याकडे डोळे वटारून बघा ना एकदा. आम्ही नाही का सरळ व्हायचो!" सगळ्या हसल्या. मी नाही.

घरी येऊन पाय धुतले. सोमवार, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे घेवडा आणि डुक्कर शिजत ठेवलंय. चिखलाचा वास भांड्यापर्यंत येतो.

७ मार्च

आज बुर्गोस आला. नगरपालिकेत बांधकाम बघतो. माझ्याच हाताखाली शिकला, भागाकार कधी जमला नाही. बूट खराब होतील म्हणून रस्त्यावरच उभा राहिला आणि तिथून ओरडून बोलला.

"बाई, मेलेल्या जागेची किती सेवा करणार? चाळीस वर्षांत एक पान फुटलं नाही. भराव टाकला तर घरं होतील, पोरं मेरिदा शहरात जायची थांबतील."

म्हटलं, मुदत दे. नोव्हेंबरमध्ये पाहणी ठरली. चार हेक्टरांत चारशे रोपं जिवंत दिसली तर खाजण राहील. एक कमी भरलं तरी दुसऱ्या दिवशी भरावाचे ट्रक.

"आणि आपणहून उगवलेली हवीत," तो म्हणाला. "आदल्या दिवशी खुपसून ठेवलेली नाही चालणार. तुमची लावणी आम्ही ओळखतो बाई — रांग दिसली की समजायचं!"

बायका पुन्हा हसल्या. या वेळी माझ्यावर. खरंच आहे म्हणा. नऊ वर्षं मी शाळेची मुलं घेऊन या चिखलात कांदळ लावलं. गाठी मारलेली दोरी ताणून, दर गाठीला एक रोप, दीड मीटरवर. अगदी वहीतल्या ओळींसारख्या रांगा! नऊच्या नऊ वर्षं सगळं मेलं.

११ मार्च

वाद. चर कुठे न्यायचा यावर.

माझं म्हणणं, रस्त्याच्या मोरीपासून सरळ खाजणाच्या मध्यावर. दोरी लावली की झालं. लांदी पेच म्हणते, नाही, दक्षिणेला वळवत वळवत 'डोळ्या'पर्यंत न्यायचा. डोळा म्हणजे खाजणाच्या टोकाला जमिनीतून उसळतो तो गोड्या पाण्याचा झरा. सहाशे मीटर लांब, मधे पुरुषभर उंच लव्हाळं, आणि मगरी. चाळीस वर्षांत मी तिकडे गेलेली नाही.

"सरळ का नको?" मी विचारलं.

"पाणी सरळ जात नाही बाई."

"हे कारण झालं?"

"मला दुसरं येत नाही."

लांदी टोळीची मुकादम आहे. बेचाळीस वर्षांची. बोलते कमी. हात घालून चिखल चाचपते आणि म्हणते, इथे पाणी अडतं. कशावरून, ते सांगत नाही. मला अशा माणसांचा राग येतो.

१२ मार्च

डॉक्टर राकेल आली मेरिदाहून, विद्यापीठात खाजणांवर संशोधन करते ती. तिशीतली पोरगी, पण काम चोख. माझ्या नोंदवह्या बघून म्हणाली, "इतक्या नीट नोंदी मी कुणाच्या बघितल्या नाहीत." मग नकाशावर बोट फिरवलं — लांदी म्हणते तसंच, वळणावळणानं. मीठ धुवायचं तर एका बाजूनं समुद्राची भरती हवी आणि दुसऱ्या बाजूनं गोडं पाणी. नुसत्या समुद्रानं मीठ कसं जाणार! खारट भांडं खाऱ्या पाण्यानं विसळण्यातला प्रकार.

हे मला कळायला हवं होतं. मी जीवशास्त्र शिकले आहे.

लांदीला म्हटलं, "खणा वाकडा."

"हो बाई," म्हणाली. विजयाचा एक शब्द नाही. त्याचाही रागच आला.

२ एप्रिल

लव्हाळं कापतोय. चिलटं. दुसरं लिहायची ताकद नाही.

९ मे

पोचलो! चर डोळ्याला जाऊन मिळाला. शेवटचा बांध लांदीनं फावड्यानं फोडला आणि पाणी कसं आत आलं — गार! फिदेलिया कपड्यांसकट बसली त्यात. "बाई, या, इथे कुणी हजेरी घेत नाही!" मी घोट्यापर्यंत उतरले. तेवढं पुरे.

आणि लव्हाळ्यापलीकडे काय असावं? कांदळाची राई! दाट, हिरवीगार, दोन मजली उंच. मुळं कमानीसारखी एकमेकांत गुंतलेली, आत पाऊल ठेवायला जागा नाही. वर बगळ्यांची घरटी. रस्त्यावरून हे कधीच कळलं नव्हतं, लांबून सगळा लव्हाळ्याचाच हिरवा पट्टा वाटतो. मी बघत राहिले. चाळीस वर्षं आपण मेलेलं मेलेलं म्हणत होतो आणि टोकाला हे असं उभं!

मी बायकांना म्हटलं, "बघा. माणसानं हात लावला नाही की निसर्ग कसा वाढतो."

लांदी म्हणाली, "हो बाई."

२८ मे

एकाहत्तर!!

दोन उद्गारचिन्हं. मुलांच्या वहीत मी लाल शाईनं काटली असती.

१९ जून

पाऊस नीट लागला. चौसष्ट.

चिखलावर जांभळट हिरवा पापुद्रा आलाय. फिदेलिया म्हणाली, "घाण धरली." घाण नाही. शेवाळ. पहिलं येतं ते शेवाळ. बोटानं उचललं तर खालच्या चिखलाला धरून बसलेलं होतं. चिखल वाहून जात नाही त्यानं.

६ जुलै

दक्षिणेच्या चराकडेला जाड पानांचं खारं झुडूप. वीतभर. पान चावून बघितलं, मीठच. डोळ्यांत पाणी आलं, मिठानं म्हणू.

एकोणतीस वर्षं फळ्यावर बाण काढत आले. शेवाळ, बाण, खारं झुडूप, बाण, कांदळ, तिवर, बाण, खेकडे, मासे, पक्षी. पहिला येतो तो पुढच्यासाठी जागा करतो. झुडपाच्या सावलीत चिखल तापत नाही, त्याच्या फांद्यांत वाहतं बी अडकतं. मग रोप मोठं होतं, त्याची सावली पडते आणि झुडूप मागे सरतं. खेकडे बिळं पाडतात, मुळांना हवा मिळते. पानं गळतात, कुजतात, त्यावर कोळंबी पोसते, कोळंबीवर मासा, माशावर आपण. मुलं घडाघडा म्हणायची. परीक्षेत पैकीच्या पैकी.

सगळ्या बाणांच्या आधी 'पाणी' लिहायला हवं होतं. ते मी कधी लिहिलंच नाही. नऊ वर्षं मुलांकडून शेवटची पायरी आधी चढवून घेतली. रस्ता झाला, पाणी तुंबलं, उन्हानं आटत आटत मीठ दुप्पट झालं, आणि त्या मिठात मी दरवर्षी कोवळी रोपं नेऊन उभी केली. दोरी लावून!

८ जुलै

परवाचं लिहिलं त्यामुळे एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लिहून टाकते.

१९९४. लांदी सहावीत होती. वर्गात पहिली, म्हणून सोमवारच्या सलामीला झेंडा तिच्या हातात असायचा. त्या जूनमध्ये आम्ही पहिली लावणी केली. खाडीपलीकडून शेंगा आणून सहा महिने शाळेच्या आवारात पिशव्यांत वाढवलेली रोपं, तीनशे. चार दिवसांनी बघते तर निम्म्या रांगा गायब! खड्डेच खड्डे. मुलांनी सांगितलं, लांदीला बादली घेऊन खाजणात जाताना बघितलं.

विचारलं, उपटलीस? म्हणाली, हो. का? गप्प. कुणाला दिलीस, विकलीस? गप्प. पुढच्या सोमवारी सगळ्या शाळेसमोर तिच्या हातातून झेंडा काढून दुसरीला दिला. ती रडली नाही. मला तो उद्धटपणा वाटला.

तिचे आजोबा शाळेत आले होते, डॉन नासारियो. मासेमारी करायचे. टोपी हातात धरून बराच वेळ बोलले, खाजणाकडे हात करून, त्यांच्या माया भाषेत. मी म्हटलं, शाळेत स्पॅनिश बोला. ते थांबले. टोपी घातली आणि गेले.

उरलेली रोपं ऑगस्टपर्यंत जळून गेली. म्हणजे तिनं उपटली नसती तरी ती मेलीच असती. हे मला आज, तीस वर्षांनी कळतंय.

१६ ऑगस्ट

बावन्न. कांदळाला जमेल असा आकडा. पण रोप एकही नाही. बी कुठून येणार? राकेल म्हणते, "बाई, धीर धरा, शेंगा आता कुठे पिकतायत." मी धीर धरणारी नव्हे. ती सवयच नाही.

२१ सप्टेंबर

वादळ येतंय. रेडिओ दर तासाला. बायकांनी चरांची तोंडं लाकडं रोवून बळकट केली. लांदी म्हणाली, आलं तर सगळा गाळ परत चरात. दीड वर्षाचं काम!

खिडक्यांना फळ्या ठोकल्या. बुर्गोसनं निरोप पाठवला, बाई, आमच्याकडे या, घर पक्कं आहे. माणूस वाईट नाही. भागाकार तेवढा जमत नाही.

२३ सप्टेंबर

वळलं! उत्तरेला समुद्रात वळलं. आमच्याकडे नुसता पाऊस आणि उंच भरती.

सकाळी धावत गेले. धावत! सहासष्टाव्या वर्षी. चर शाबूत. लांदी माझ्या आधीच तिथे, कमरेपर्यंत पाण्यात. तिनं बोट केलं. चरातून हिरव्या लांब शेंगा वाहत येत होत्या. कांदळाच्या. एकामागून एक, काही आडव्या, काही उभ्या, होड्यांची जत्रा सुटावी तशा. राईकडून.

मी चराकाठी बसले. चिखलातच. स्कर्टचं काय झालं बघितलंही नाही.

११ ऑक्टोबर

त्रेसष्ट रोपं. दोन-दोन पानं. बहुतेक खाऱ्या झुडपांत अडकून रुजलेली. जशी फळ्यावर, अगदी तशी.

त्रेसष्टानं भागत नाही.

१७ ऑक्टोबर

एकशे चाळीस. आज बायकांत कुजबुज. शेवटी फिदेलिया बोलली. "बाई, राईखाली शेंगांचा खच पडलाय. तीनशे उचलायच्या आणि टोचायच्या इथे-तिथे. रांग नाही लावायची म्हणजे झालं. तुम्ही बघू नका, आम्ही करतो."

म्हटलं, नाही.

"ते लोक भराव टाकतील!"

"टाकू देत. खोटं नाही लावायचं."

"तुमचं खरं खाजणापेक्षा मोठं का?" ती चिडली. पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. लांदी मधे पडली, "फिदे, बाई नाही म्हणाल्या. झालं." आणि फावडं उचलून गेली.

रात्रभर वाटत राहिलं, मी आधी रांगा लावून खाजण बुडवलं, आता न लावून बुडवणार.

२६ ऑक्टोबर

दोनशे नव्वद. दुसरी उंच भरती अजून व्हायची आहे. भरतीचं वेळापत्रक कपाटावर चिकटवलंय.

२ नोव्हेंबर

पितरांचे दिवस. लांदीकडे बोलावणं होतं. टेबलावर तिच्या आजोबांचा, डॉन नासारियोंचा फोटो, पुढे वाटीत चॉकलेट, सिगारेट, मेणबत्ती. अंगणात खड्ड्यातून पीब काढले, मक्याच्या पिठात कोंबडी भरून केळीच्या पानांत काळपट भाजलेले. वास घरभर.

फोटोतला माणूस तीच टोपी घालून माझ्याकडे बघत होता.

बोलायचंच ठरवून गेले होते. बोलले. "लांदी, चौऱ्याण्णव सालची ती रोपं. तू उपटलीस हे चूकच. पण ती तशीही मेली असती. जागा माझी चुकली होती. झेंडा काढायला नको होता मी."

शिकवल्यासारखं झालं. क्षमा मागायची कशी, ते मला नीट येत नाही.

ती पान सोडवत होती. हात थांबला. फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी सांगेल असं वाटलं. म्हणाली, "बाई, पीब खा. गार झाला की दगड होतो."

खाल्ला. दोन खाल्ले. घरी येताना हलकं वाटत होतं, पीब जड असूनही.

१४ नोव्हेंबर

पाहणी. बुर्गोस आणि दोघं जण, या वेळी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. राकेलनं खाजणाचे चौकोन पाडून दिले, प्रत्येक चौकोनात एक बाई मोजायला, एक त्यांचा माणूस तपासायला. सहा तास. बुर्गोस वाकून वाकून रांगा शोधत होता. कुठे तीन रोपं ओळीत दिसली की थबकायचा. मग चौथं भलतीकडेच!

सहाशे अकरा.

त्यानं पुन्हा बेरीज केली. मी हातातून कागद घेतला, बरोबर होती. पहिल्यांदाच. तो हसला, टोपी काढून म्हणाला, "जिवंत आहे बाई तुमचं खाजण. भराव दुसरीकडे बघतो."

फिदेलियानं मला मिठी मारली. सगळा चिखल अंगाला. नंतर कानात म्हणाली, "बरं झालं माझं ऐकलं नाहीत." मी म्हटलं, तुझं मी कधी ऐकलं होतं? बायका रस्त्यावर बसून संत्री खात होत्या, एकदम सगळ्या बोलत होत्या, आणि खाली पाण्यात बोटभर मासे फिरत होते. मी मुद्दाम खारटपणा मोजला नाही. आज नको.

किती दिवसांनी झोप येतेय.

२२ नोव्हेंबर

राकेल आली. सहाशे अकरा रोपांना जन्म देणारी ती राई कधीची, हे तिला अहवालात लिहायचं आहे. सोबत विमानातून काढलेला १९९० चा जुना फोटो. भिंगातून दाखवला. डोळ्यापाशी नुसतं लव्हाळं. एक झाड नाही!

"पंचवीस-तीस वर्षांची राई आहे," ती म्हणाली. "सगळी झाडं एका वयाची. आपोआप आली असती तर लहानमोठी असती. बाई, ही कुणीतरी लावलीय. त्या वर्षांत इथे कांदळ कोण लावत होतं?"

म्हटलं, माझ्याशिवाय कुणीच नाही. आणि मी त्या बाजूला कधी गेले नाही.

ती गेल्यावर चहा गार होईपर्यंत बसून होते. मग माळ्यावरून गाठींची दोरी काढली. कुजलीय, पण गाठी शाबूत आहेत.

२३ नोव्हेंबर

एकटीच डोळ्यापाशी गेले. मुळांच्या कमानींतून वाकून आत शिरले. एका बुंध्याला दोरीचं टोक धरलं. पुढचा बुंधा गाठीवर. त्यापुढचा गाठीवर. त्यापुढचाही. दीड मीटर, दीड मीटर. सात रांगा.

मागे पाण्यात पावलं वाजली. लांदी. माझ्या हातातली दोरी बघितली. मग म्हणाली, "आजोबांनी काठी कापून दिली होती, दीड मीटरची. म्हणाले, तिथे मरतील, इथे आण. पण अंतर बाईंचंच ठेव, बाई रागावतील."